जर्मनीत लहान मुलं नोटांच्या गठ्ठ्यांनी खेळतायत, तो जुना फोटो खरा आहे का?

हो, खरा आहे, १९२३ च्या महागाईचा. पहिल्या महायुद्धाचं कर्ज डोक्यावर होतंच, त्यात जानेवारी १९२३ मध्ये फ्रान्स-बेल्जियमचं सैन्य रुर या जर्मनीच्या औद्योगिक भागात घुसलं, तिथल्या कामगारांनी काम बंद केलं आणि त्यांना पैसे द्यायला सरकारने अजूनच दणादण नोटा छापल्या. मग काय, नोव्हेंबरपर्यंत एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क! घाई इतकी की बऱ्याच नोटा एकाच बाजूने छापलेल्या, मागची बाजू कोरीच. पगार हातात पडला की लोक तडक दुकान गाठायचे, कारण संध्याकाळपर्यंत भाव परत चढलेला असायचा.

त्याच वर्षीचा अजून एक फोटो शोधून बघा, एक बाई शेगडी पेटवायला त्यात नोटा घालतेय, मला तर मुलांच्या फोटोपेक्षा हाच जास्त बोलका वाटतो (पोरांचं काय, त्यांना मजाच). बँकेत पैसे ठेवून म्हातारपणाची सोय केलेल्यांची पुंजी मातीमोल झाली, ज्यांच्यावर कर्ज होतं ते मात्र आरामात सुटले. शेवटी १५ नोव्हेंबरला रेंटेनमार्क हे नवं चलन आलं, १ रेंटेनमार्क म्हणजे १ लाख कोटी जुने मार्क, तेव्हा कुठे भाव थांबले.