बीकॉम, दहा वर्षांचा गॅप आणि कम्युनिटी कॉलेज: माझा अनुभव

तुम्ही विचारलंय की वय ३९, पुण्याचं बीकॉम, मुलांपायी दहा वर्षांचा गॅप, कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला दोन वर्षं झाली आणि आता ईएडी (काम करायची परवानगी) आलंय, तर कम्युनिटी कॉलेजात (इथलं स्थानिक, दोन वर्षांचं सरकारी कॉलेज) जाऊन काही होतं का की सरळ एमबीए करावं. एमबीए आधी डोक्यातून काढा हो. मी पण बीकॉमच, नाशिकची, चाळिशीला टेकले होते तेव्हा इथल्या एका कम्युनिटी कॉलेजातून अकाउंटिंगचं सर्टिफिकेट केलं आणि आता एका छोट्या सीपीए (आपल्याकडच्या सीएसारखे) ऑफिसात माझा सहावा टॅक्स सीझन झाला.

आपल्याकडे डिग्री नसेल तर तो नुसता 'कोर्स', टायपिंगच्या क्लाससारखा. माझ्या सासूबाई अजून लोकांना सांगतात की सून अमेरिकेत एमकॉम करत होती. पण इथे बुककीपरच्या जाहिराती बघा, क्विकबुक्स (हिशेबाचं सॉफ्टवेअर), पेरोल (पगाराचे हिशेब), एक्सेल एवढंच असतं आणि सर्टिफिकेटमधे नेमकं तेच शिकवतात, कारण प्रोग्राम ठरवताना कॉलेजं आसपासच्या कंपन्यांतली माणसं कमिटीवर घेतात. आमच्या पेरोलच्या बाई दिवसा स्वतः तेच काम करायच्या, संध्याकाळी साडेसहाला लॅपटॉप उघडून म्हणायच्या आज सकाळी काय घोळ झाला ते आधी बघू, आणि तो घोळच त्या दिवशीचा धडा.

फी म्हणाल तर कॅलिफोर्नियात रहिवाशांना युनिटला (म्हणजे क्रेडिटला) ४६ डॉलर (डी अँझासारख्या, तीन-तीन महिन्यांच्या क्वार्टरवाल्या कॉलेजात ३१), म्हणजे तीन युनिटचा क्लास १३८ ला, वर पुस्तकं नि किरकोळ फी. रहिवासी ठरायला इथे एक वर्ष आणि एक दिवस राहिल्याचे पुरावे लागतात, त्यामुळे लायसन्स, टॅक्स रिटर्न, घराचं लीज एका फाइलीत ठेवा. पुरावे कमी पडले तर युनिटमागे काही शे डॉलर जास्तीचे जातात. एंट्रन्स वगैरे काही नाही. वर्गात माझ्या शेजारी पन्नाशीचा एक गृहस्थ बसायचा, प्रिंटिंग प्रेसमधून ले-ऑफ झालेला, त्याची फी काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) जॉब सेंटरने भरली होती. नोकरी गेलेल्यांसाठी डब्ल्यूआयओए म्हणून २०१४ चा कायदा आहे, त्यातून.

मला खरा उपयोग झाला तो 'विटा'चा (VITA). हा आयआरएसचा, म्हणजे इथल्या इन्कम टॅक्स खात्याचा, स्वयंसेवकांचा कार्यक्रम, कमी उत्पन्नवाल्यांची रिटर्न्स फुकट भरून देतात, आधी आयआरएसची परीक्षा पास व्हायची मग टेबलवर बसायचं. पहिल्याच शनिवारी एक आजी बुटांच्या खोक्यात तीन ठिकाणचे डब्ल्यू-२ (वर्षाच्या पगाराचे फॉर्म) घेऊन आल्या, एक चहा सांडून पिवळा पडलेला. माझा हात थरथरत होता, पण शेजारच्या सिनियरने एकेक आकडा तपासला आणि रिफंड दिसल्यावर आजींनी स्क्रीनचाच फोटो काढला. पुढे इंटरव्ह्यूत दहा वर्षांच्या गॅपबद्दल कुणी विचारलं नाही, सगळे विटाबद्दलच विचारत बसले.

चुका पण केल्या. पहिल्या काउन्सेलरने मला डिग्रीच्या रांगेत घातलं, एक सेमिस्टर जनरल एज्युकेशनमधे (डिग्रीला लागणारे इतर विषय) गेलं, आणि पुण्या-नाशिकच्या मार्कशीट्सचं इव्हॅल्युएशन करून घेतलं ते सर्टिफिकेटला लागलंच नाही. म्हणून काउन्सेलरला पहिल्याच वाक्यात सांगा, मला नोकरी हवीय, डिग्री नकोय.

नर्सिंग, डेंटल हायजीन वगैरेंचं गणित मात्र वेगळं, तिथे आधी ॲनाटॉमी-फिजिऑलॉजी लागतं आणि जागांसाठी थांबावं लागतं. आणि ज्यांच्याकडे नुसता एच-४ (एच-१बीवाल्यांच्या जोडीदाराचा व्हिसा) आहे, ईएडी नाही, त्यांना शिकता येतं पण काम करता येत नाही, तेव्हा प्रॅक्टिकल असलेल्या प्रोग्रामला पैसे भरण्याआधी वकिलाला विचारा.

आता या आठवड्यात एवढं करा, तुमच्या घरापासून अर्ध्या तासातल्या वीस जाहिराती काढा, त्यात परत परत येणारे शब्द लिहा आणि तो कागद घेऊन काउन्सेलरकडे जा. संध्याकाळचे क्लास पटापट भरतात, त्यातून पेरोलचा आमच्याकडे वर्षातून एकदाच असायचा, तर वेळापत्रकात आधी तो शोधा.