एक्स-रे नॉर्मल, तरी आमचा डॅशहुंड कुत्रा मागचे पाय ओढतो. एमआरआय खरंच लागेल का? (इंदूर)

बहुधा हो. एक्स-रेत हाडं दिसतात. मणक्यांमधली सरकलेली गादी (डिस्क) आणि दबलेला मज्जारज्जू दिसत नाही. फार तर दोन मणक्यांमधली फट कमी झालेली कळते. डॅशहुंडच्या गादीत चुना लवकर साठतो, म्हणून सीटी स्कॅनमध्येही ती बऱ्याचदा सापडते, तेही झटपट. मज्जारज्जूची सूज मात्र एमआरआयच नीट दाखवतो. त्यासाठी पूर्ण भूल लागते, तेव्हा आधी रक्ततपासणी होईल.

महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्यूरॉलॉजिकल (मज्जासंस्थेची) तपासणी करून घ्या, स्कॅन कुठे होईल तेही तिथेच विचारा. मागच्या पायाचं बोट जोरात चिमटूनही तो वळून बघत नसेल तर उद्यावर ढकलू नका, आजच निघा. फळीवर आडवा न्या, आणि घरातली ब्रूफेन-बिफेन अजिबात देऊ नका!