स्वीडनमध्ये हिवाळ्यासाठी खिळ्यांचे टायर घ्यावेत का? नियम काय आहेत?

तुमचा प्रश्न असा आहे: पुण्याहून नुकतेच गोथेनबर्गला आला आहात, घर मोल्नदालला, नोकरी बोरोसला, रोजचा प्रवास रस्ता क्रमांक ४० वरून. जुनी गाडी घेतली आहे आणि विकणारा खिळ्यांच्या टायरचा वापरलेला संच स्वस्तात देतोय. ऑफिसातले काही जण म्हणतात डोळे झाकून घ्या, काही म्हणतात गरजच नाही.

मी बरीच वर्षं व्हेस्टेरोसला राहते आणि दोन्ही प्रकारच्या टायरवर हिवाळे काढले आहेत. माझं मत आधीच सांगते: तुमच्या मार्गासाठी बिनखिळ्यांचे, म्हणजे नॉर्डिक फ्रिक्शन टायर घ्या आणि ते चांगले घ्या. तुम्ही बोरोसच्या अलीकडे हिंदोस किंवा बोल्लेबिगडच्या एखाद्या चढाच्या गल्लीत राहत असतात, तर मी खिळ्यांचे घ्या म्हटलं असतं.

आपल्याकडच्या माणसाला वाटतं, जितकी थंडी जास्त तितका रस्ता निसरडा. पण पुण्यात दुचाक्या सर्वांत जास्त घसरतात त्या मुसळधार पावसात नाही, पहिल्या सरीत. बर्फाचंही तसंच आहे. उणे १५ अंशांत बर्फ कोरडा आणि टणक असतो, त्यावर मऊ रबर बऱ्यापैकी धरून राहतं. खरा धोका शून्याच्या आसपास. बर्फावर पाण्याचा पातळ थर येतो, गाड्यांनी तो घासून आरशासारखा होतो, आणि रबराला धरायला काहीच उरत नाही. इथे खिळा कामाला येतो. ॲल्युमिनियमच्या किंवा पोलादी बुटक्या आवरणात टंगस्टन कार्बाइडची सुई बसवलेली असते. नव्या टायरमध्ये ती रबराच्या बाहेर साधारण १ ते १.२ मिलिमीटर असते आणि पाण्याच्या थराखालच्या बर्फात रुतते. अतिथंडीत बर्फच इतका कठीण होतो की ती कमी रुतते, म्हणून तिथे खिळ्यांचा फायदा घटतो.

हे किती महत्त्वाचं आहे ते एका हिशेबाने सांगते. ताशी ५० किलोमीटर वेगाने ब्रेक मारला आणि रस्त्याचा घर्षणांक (टायर-रस्त्यातली पकड सांगणारा आकडा) ०.८ धरला, जो कोरड्या डांबराचा असतो, तर गाडी सुमारे १२ मीटरमध्ये थांबते. ओल्या बर्फावर हाच आकडा ०.१ च्या आसपास येतो, तेव्हा जवळपास १०० मीटर लागतात. तो ०.१ चा ०.१५ झाला तर ६५ मीटर. यात पाय ब्रेकवर जाईपर्यंतचं अंतर धरलेलं नाही. टायरची निवड या इवल्याशा फरकात खेळत असते. तो फरक आकड्यात क्षुल्लक दिसतो, रस्त्यावर पस्तीस मीटरचा असतो.

आता नियम. १ डिसेंबर ते ३१ मार्च या काळात रस्त्यावर हिवाळी परिस्थिती असेल तर विंटर टायर सक्तीचे आहेत. हिवाळी परिस्थिती म्हणजे रस्त्याच्या कुठल्याही भागावर बर्फ, हिम, बर्फाचा चिखल किंवा दव गोठून झालेला थर. तशी परिस्थिती आहे की नाही हे पोलीस ठरवतात, तुम्ही नाही. टायरच्या खाचा किमान ३ मिलिमीटर खोल हव्यात. उन्हाळी टायरला १.६ चालतात, त्यामुळे नवीन माणसाची इथे गल्लत होते. खिळ्यांच्या टायरना १ ऑक्टोबर ते १५ एप्रिल परवानगी आहे. त्याबाहेरही हिवाळी परिस्थिती असेल किंवा होण्याची शक्यता असेल तर चालतात, पण मे महिन्यात कोरड्या रस्त्यावर खिळे कडकडवत निघालात तर दंड होणार. चारही चाकांना एकच प्रकार हवा, पुढे खिळे आणि मागे साधे असं चालत नाही. गाडीला खिळे असतील आणि मागे ट्रेलर जोडला असेल, तर हिवाळी रस्त्यावर ट्रेलरलाही खिळ्यांचेच टायर लागतात.

वापरलेला संच घेताना एक बदल लक्षात ठेवा. पूर्वी टायरवर नुसतं ‘एम प्लस एस’ (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि हिम) असं लिहिलेलं असलं तरी तो विंटर टायर मानला जायचा. १ डिसेंबर २०२४ पासून ते पुरत नाही. बिनखिळ्यांच्या टायरवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असं चिन्ह कोरलेलं पाहिजे. जुन्या जाहिरातींतून असे निकामी झालेले संच अजून विकायला येतात आणि नव्याने आलेली माणसं ते घेतात.

पण ते डोंगराचं चिन्हही अर्धीच गोष्ट सांगतं. ते हिमावरच्या पकडीच्या परीक्षेचं आहे, गोठलेल्या रस्त्याच्या नाही. बिनखिळ्यांच्या विंटर टायरचे दोन वंश आहेत. एक मध्य युरोपातला: जर्मनीच्या ओल्या, उघड्या, वेगवान रस्त्यांसाठी केलेला, रबर जरा कडक. दुसरा नॉर्डिक: रबर खूप मऊ, अंगभर बारीक चिरा, गोठलेल्या रस्त्यासाठीच केलेला. दोघांवरही डोंगर असतो. फरक ओळखायला मे २०२१ पासून युरोपीय लेबलवर गोठलेल्या बर्फावरच्या (आइस) पकडीचं वेगळं चिन्ह आलं आहे, ते बघून घ्या. दुकानदार स्वस्तात मध्य युरोपातला माल पुढे करतो आणि तोही ‘विंटर टायर’च असतो, खोटं काहीच बोलत नाही. पण बोरोसच्या गोठलेल्या पार्किंगमध्ये तो तुमच्या काही कामाचा नाही.

नॉर्डिक टायरचंही सगळं गोड नाही. ते मऊ रबर ओल्या डांबरावर काही ग्रेट थांबत नाही. तिथे कित्येकदा चांगला खिळ्यांचा टायर त्याच्या बरोबरीने किंवा थोडा पुढेच असतो. गोथेनबर्गचा हिवाळा म्हणजे निम्मा पाऊस, तेव्हा पुढच्या गाडीपासून अंतर भरपूर ठेवा.

मग तरीही मी खिळे नको का म्हणते? पहिलं कारण तुमचा रस्ता. ४० क्रमांकाचा रस्ता मोठा, त्यावर मीठ मारतात, बर्फ हटवणारा नांगर फिरतो. किनाऱ्यावर शून्याच्या वर असलेलं तापमान वाटेतल्या लांडवेटरच्या उंचीवर खाली येतं, तिथे जपावं लागतं हे खरं. उणे ६-७ च्या खाली मिठाचा प्रभावही ओसरतो. पण बहुतेक दिवस तुम्ही उघड्या, ओल्या डांबरावर चालवणार आहात आणि तिथे खिळा बर्फाऐवजी रस्ता खात असतो.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. खिळ्यांनी खरवडलेल्या दगडाची आणि डांबराची भुकटी हिवाळाभर ओल्या रस्त्यावर साचते आणि मार्च-एप्रिलमध्ये रस्ते कोरडे झाले की हवेत उडते. ती श्वासात जाते ती फुटपाथवरून बाबागाडी ढकलणाऱ्यांच्या आणि रस्त्याकडेच्या घरांत राहणाऱ्यांच्या. याच धुळीमुळे स्टॉकहोमच्या होर्न्सगातान रस्त्यावर २०१० पासून खिळ्यांच्या टायरना बंदी आहे. तुमच्या गोथेनबर्गमध्ये फ्रिग्गागातान आणि उदिन्सगातान या रस्त्यांवर ती आहे, स्टेशनकडे जाताना फलक बघत जा. जपानने तर १९९० मध्ये कायदाच केला; सेंदाईसारख्या शहरांत धुळीने लोक हैराण झाले होते. त्यानंतर जपानी कंपन्यांनी बिनखिळ्यांच्या टायरवर कसून काम केलं आणि आज होक्काइदोसारख्या बर्फाळ बेटावरही रोजच्या गाड्या त्यांवरच चालतात. गोथेनबर्गच्याच चाल्मर्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये खिळ्याच्या संपूर्ण आयुष्याचा हिशेब मांडला. त्यात रस्त्यावरची धूळ होती, तसाच खिळ्यात लागणाऱ्या कोबाल्टसाठी काँगोतल्या खाणींत जाणारा माणसांचा बळीही होता. निष्कर्ष असा की खिळे जितके जीव वाचवतात त्याहून जास्त घेतात. स्टॅबिलिटी कंट्रोल (गाडी घसरू लागली की आपोआप ब्रेक लावून सावरणारी यंत्रणा) नसलेल्या जुन्या गाड्यांत खिळ्यांचा जीव वाचवण्यातला वाटा ठळक दिसायचा. ही यंत्रणा सर्रास आल्यावर तो फरक अंधुक झाला. तुमच्या गाडीत ती आहे का हे मात्र आधी पाहा. नसेल तर मी सांगितलेल्यातलं बरंच बदलतं.

रस्त्यांची झीज कमी व्हावी म्हणून स्वीडन, फिनलंड आणि नॉर्वे यांनी १ जुलै २०१३ नंतर बनलेल्या टायरसाठी परिघाच्या दर मीटरला ५० खिळ्यांची मर्यादा घातली. जास्त खिळे हवे असतील तर कंपनीला रस्ता फार खरवडत नाही हे चाचणीत सिद्ध करावं लागतं.

यावरून खिळे घेणाऱ्यांना मी नावं ठेवते असं समजू नका. पहाटे चार वाजता कच्च्या वाटेवरून रुग्णाकडे निघणारी नर्स, जंगलातल्या वळणांवरून मुलांना शाळेत सोडणारा बाप, जिथे नांगर दुपारी पोचतो तिथे राहणारी माणसं, यांनी खिळेच घ्यावेत.

तो स्वस्त संच घेण्याचा मोह अजून होत असेल तर विकत घेण्याआधी टायर हातात घ्या. कडेला चार आकडे असतात, ३८१९ म्हणजे २०१९ सालचा ३८वा आठवडा. सात-आठ वर्षांचं रबर खाचा खोल दिसल्या तरी कडक झालेलं असतं. खिळ्यांवरून अंगठा फिरवा. रबराच्या जवळजवळ सपाटीला आले असतील तर तुम्ही आवाजाचे पैसे देताय. बरेच खिळे गळून नुसती भोकं उरली असतील तर परत ठेवा. आणि नवे खिळ्यांचे टायर घेतलेच, तर पहिले काही शे किलोमीटर हळू चालवा, जोरात ब्रेक किंवा पिकअप नको, म्हणजे खिळे रबरात नीट बसतात.

गोथेनबर्गहून फिरणं सोपं आहे म्हणून हेही सांगते. कीलची बोट पकडून गाडी जर्मनीत नेणार असाल तर तिथे खिळ्यांना १९७५ पासून बंदी आहे. डेन्मार्कमध्ये १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल चालतात. ओस्लोला गेलात तर चालतात, पण शहरात शिरायला वेगळं शुल्क भरावं लागतं आणि ते भरायची जबाबदारी तुमची.

लायसन्सचं बहुधा तुमच्या डोक्यात असेलच: इथे रहिवासी म्हणून नोंद झाल्यापासून भारतीय लायसन्स एकच वर्ष चालतं. स्वीडिश लायसन्ससाठी निसरड्या ट्रॅकवरचं प्रशिक्षण सक्तीचं आहे. ते शेवटी ठेवू नका, या हिवाळ्याआधीच करून टाका. तिथे ताशी ५० आणि ७० मधला फरक पायातून कळतो आणि तो कळलेला माणूस वेगळ्या अंतराने गाडी चालवतो.

टायर नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच बदला. डिसेंबरची वाट पाहू नका. सक्ती डिसेंबरपासून असली तरी पहिला गोठलेला पूल त्याआधीच भेटतो, आणि साधारण ७ अंशांखाली उन्हाळी रबर कडक होऊ लागतं. पहिल्या बर्फाच्या दिवशी सगळ्या वर्कशॉपांबाहेर रांग लागलेली असते. काढलेला संच ठेवायला फ्लॅटमध्ये जागा नसेल तर वर्कशॉपवाले भाडं घेऊन ठेवून घेतात. चाकं बदलल्यावर पन्नास-शंभर किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा आवळून घ्या. हे काम वर्कशॉपने केलं असलं तरी पुन्हा आवळायचे, कारण बसलेलं चाक थोडं सैल होतंच.