वाचक विचारतात : ट्रेलरवरची शिडाची होडी

प्रश्न : आमची १५ फुटी शिडाची होडी ट्रेलरवरून नेताना वेग ताशी ६० किमीच्या पुढे गेला की ट्रेलर झुलू लागतो. टायरमधली हवा बरोबर आहे. दोष कुठे असेल?

उत्तर : बहुधा कपलरवर, म्हणजे ट्रेलरच्या गाडीच्या हुकाला अडकणाऱ्या पुढच्या टोकावर, भार कमी पडतोय. होडी, सामान आणि ट्रेलर मिळून ५०० किलो होत असतील, तर कपलरवर ३५ ते ५० किलो हवेत. चाकांना अटकण लावा, वजनकाट्यावर लाकडी ठोकळा ठेवून कपलर त्यावर टेकवा. मोजताना तो गाडीच्या हुकाइतक्याच उंचीवर हवा. ठोकळ्याचं वजन वजा करा.

भार कमी भरला तर आधी आउटबोर्ड इंजिन मागून उतरवा. ते अगदी टोकाला असल्याने ट्रेलरचं पुढचं टोक उचलतं. तेवढ्याने भागलं नाही, तर विंचचा (होडी ट्रेलरवर ओढून धरणाऱ्या चरखीचा) खांब आणि त्याबरोबर होडी ५ सेंमी पुढे घेऊन पुन्हा मोजा. होडीचा मागचा काठ मात्र आधाराबाहेर लोंबता कामा नये, तळ वाकतो. वाटेत ट्रेलर झुलू लागलाच तर स्टिअरिंग सरळ धरून फक्त अॅक्सिलरेटर सोडा.

प्रश्न : चाकांचे बेअरिंग सारखे गंजतात. का?

उत्तर : प्रवासात हब, म्हणजे बेअरिंग असलेला चाकाचा मधला भाग, तापतो. होडी उतरवताना तो तसाच पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढलं जातं. हब हाताला गार लागेपर्यंत थांबा. तोवर डोलकाठी उभारून घ्या. त्याआधी वर विजेच्या तारा नाहीत ना, हे पाहाच. अॅल्युमिनियमची काठी तारेला लागली तर जीव जातो.