सुपरमॅन खरा कधी वाटतो?

प्रश्न : आताच्या चित्रपटांत सुपरमॅनचं उडणं, मारामारी सगळं भारी असतं. तरी आमचे वडील म्हणतात, "ख्रिस्तोफर रीव्हसारखा दुसरा झाला नाही." असं काय होतं त्याच्यात?
– एक वाचक, परभणी

उत्तर : मी तुमच्या वडिलांच्या बाजूचा. रीव्हच्या १९७८च्या 'सुपरमॅन' चित्रपटात लोइस या पत्रकार सहकारणीच्या घरातला प्रसंग बघा. ती आतल्या खोलीत असते. क्लार्क, म्हणजे साध्या पत्रकाराच्या वेषातला सुपरमॅन, चष्मा काढतो, पाठ ताठ करतो, खांदे रुंदावतात, आवाज खाली उतरतो. आता खरं सांगणारच! पण धीर होत नाही. चष्मा पुन्हा डोळ्यांवर, आणि तोच माणूस आक्रसून जातो. अंगात साधा कोट, कॅमेऱ्याची कुठली करामत नाही. आपल्याकडं गोंधळी एकाच झग्यात राजा होतो नि शिपाईही, तसंच हे.

उडण्याचं काय, ते तंत्रानं जमतं. याच चित्रपटात तो झाडावर अडकलेलं मांजर उतरवून लहान मुलीला देतो, चेहऱ्यावर उपकाराचा लवलेश नाही. १९३८ साली सिगल आणि शुस्टर यांच्या कॉमिकमधून आलेला हा नायक मला तिथं भेटतो. सतत कपाळाला आठ्या घातलेला सुपरमॅन मला पटत नाही, मग तो कितीही इमारती पाडो. तो चष्म्याचा प्रसंग मूळ इंग्रजीतच बघा. डबिंगमध्ये रीव्हचा बदलता आवाज हरवतो.