जपानला येण्याआधी एनएचकेच्या इंग्रजी बातम्या बघाव्यात का? एका हर्णैकराचं उत्तर

तुझा प्रश्न थोडक्यात असा: जपानी भाषेच्या परीक्षेची एन-४ पातळी झालीय, एप्रिलमध्ये शिझुओकाला वृद्धांच्या केंद्रात केअरगिव्हर म्हणून रुजू व्हायचंय, आई-बाबा भूकंपाच्या भीतीने परवानगी देत नाहीत, आणि क्लासच्या सरांनी रोज एनएचके वर्ल्डवरचं 'न्यूजलाइन', म्हणजे इंग्रजी बातम्यांचा कार्यक्रम, बघायला सांगितलंय. त्याचा खरंच उपयोग होतो, की तेवढा वेळ जपानी घोकावं? शिवाय इथे आल्यावर टीव्ही घ्यावा का? तू गुहागरची, मी हर्णैचा. तेव्हा आपली किनारपट्टी डोळ्यांसमोर ठेवूनच लिहितो.

उपयोग होतो, आणि चांगला होतो. फक्त तो कार्यक्रम कोणासाठी केलेला आहे, हे आधी लक्षात घे. एनएचके ही इथली सार्वजनिक प्रसारण संस्था. तिचं रेडिओ प्रसारण १९२५ साली सुरू झालं. परदेशातल्या प्रेक्षकांसाठीची एनएचके वर्ल्ड ही टीव्ही वाहिनी १९९८ साली आली आणि २००९ पासून ती चोवीस तास इंग्रजीत झाली, न्यूजलाइन तेव्हापासूनचं. म्हणजे जपानच्या बाहेर बसलेला माणूस समोर आहे असं धरूनच ते बोलतात. गावाचं नाव आलं की नकाशा दाखवतात, येनची रक्कम बऱ्याचदा डॉलरमध्येही सांगतात, एखादा कायदा आला तर तो मुळात का आला इथपासून सुरुवात करतात. इथे वर्षानुवर्षं राहिलेल्याला एवढी फोड लागत नाही. तुला आत्ता नेमकी तीच हवी आहे.

आता भूकंपाचं, कारण तुझ्या घरचा खरा अडसर तोच आहे. आपल्याकडे बातमीत फक्त रिश्टर ऐकू येतं. इथे त्यासोबत शिंदो सांगतात, म्हणजे त्या-त्या ठिकाणी जमीन किती हलली. शून्य ते सात, आणि पाच व सहाचे प्रत्येकी दोन भाग, अशा एकूण दहा पायऱ्या. लांब समुद्रात मोठा भूकंप झाला तरी तुझ्या गावात शिंदो दोनच असू शकतो. दिवा हलेल, एवढंच. न्यूजलाइनवर हे दोन्ही आकडे येतात. नुसती 'जपान हादरलं' अशी ओळ वाचून घरच्यांच्या पोटात गोळा येतो, तो शिंदोचा आकडा कळल्यावर बराच उतरतो.

८ ऑगस्ट २०२४ ला क्युशू बेटाजवळच्या समुद्रात ७.१ चा भूकंप झाला आणि इथल्या हवामान संस्थेने नानकाई खंदकाच्या, म्हणजे दक्षिण किनाऱ्यालगतच्या समुद्रतळातल्या खोल पट्ट्याच्या, महाभूकंपाबद्दलची विशेष सूचना पहिल्यांदाच काढली. शिझुओका त्या टापूत येतं, हे तुला माहीत असायलाच हवं. एजंट ते सांगत नाहीत. त्या दिवशी गावाकडच्या ग्रुपवर 'जपान बुडणार' असे व्हिडिओ फिरत होते आणि आईचे फोनवर फोन येत होते. मी बाबांना न्यूजलाइनची लिंक पाठवली. तिथे नीट समजावलं होतं: एरवी आठवडाभरात असा भूकंप होण्याची शक्यता साधारण हजारात एक, ती आता काही शेकड्यांत एक झाली आहे, कामधंदा चालू ठेवा, पण पाणी, बॅटरी, पळायची वाट तपासून ठेवा. बाबा म्हणाले, "म्हणजे बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला म्हणायचा. होड्या वर ओढायच्या, घर सोडायचं नाही." मला वाटतं, इतकं नेमकं मीसुद्धा त्यांना समजावू शकलो नसतो. आठवड्याने, १५ ऑगस्टला, ती सूचना मागे घेतली.

म्हणून माझं ठाम मत आहे की हा कार्यक्रम तुझ्यापेक्षाही तुझ्या घरच्यांसाठी महत्त्वाचा आहे. निसर्ग वादळ आठव, ३ जून २०२०. दापोली-मंडणगडची वीज गेली, फोन बंद पडले, आणि लांब राहणारी आपली माणसं टीव्हीवर तीच चार दृश्यं बघत जीव मुठीत धरून बसली. अशा वेळी तू आणि घरचे एकच विश्वासाची बातमी बघत असाल तर फार फरक पडतो. निघायच्या आधी बाबांच्या मोबाइलवर एनएचके वर्ल्डचं ॲप टाकून दे आणि दोन-चार दिवस त्यांच्या शेजारी बसून बघ. इंग्रजी अडलं तरी नकाशा आणि आकडे कळतातच. ॲप फुकट आहे.

पण एवढ्यावर तू स्वतः विसंबू नकोस. टोकियोतला निवेदक तुझ्या वस्तीतल्या लोकांनी कुठल्या शाळेत जमायचं हे सांगणार नाही. ते नगरपालिका सांगते. इथे राहायला लागल्यापासून चौदा दिवसांत तिथे पत्ता नोंदवावा लागतो. त्याच खेपेला धोक्याचा नकाशा मागून घे. रस्त्यावरच्या खांबांवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, ती येता-जाता वाचायची सवय लाव. गावातल्या भोंग्यांवरून सूचना येते ती जपानीत. १ जानेवारी २०२४ ला नोतो द्वीपकल्पात ७.६ चा भूकंप झाला तेव्हा एनएचकेची निवेदिका अक्षरशः ओरडून लोकांना पळायला सांगत होती, आणि पडद्यावर लहान मुलांनाही वाचता येईल अशा हिरागानात 'त्सुनामी! निगेते!' (त्सुनामी! पळा!) झळकत होतं. २०११ च्या त्सुनामीच्या अनुभवानंतर त्यांनी मुद्दाम हा जरबेचा सूर धरला आहे. असे शब्द इंग्रजी बातम्यांतून कानात बसत नाहीत. तेव्हा जपानी सोडून न्यूजलाइन नको, दोन्ही हवं.

कामाच्या बातम्यांकडेही लक्ष ठेव. जुलै २०२४ मध्ये डॉलर १६० येनच्या वर गेला होता. येन पडला की गावी पोचणारे रुपये कमी होतात, तेव्हा एजंटने मांडलेला हिशेब कुठल्या दराने केलाय ते विचार. परदेशी प्रशिक्षणार्थींची जुनी पद्धत बंद करून नवी आणणारा कायदा जून २०२४ मध्ये झाला आणि तो एप्रिल २०२७ पासून लागू व्हायचा आहे. तुझा व्हिसा एसएसडब्ल्यू, म्हणजे ठरावीक कामांतल्या कुशल कामगारांचा, असेल तर थेट संबंध नाही, पण मागून येऊ पाहणाऱ्या तुझ्या भावाचा असू शकतो. अशा गोष्टी न्यूजलाइनवर सोप्या करून सांगतात.

टीव्हीचं म्हणशील तर, खोलीत एनएचके दिसणारा संच असला की करार करून वर्गणी भरावी लागते, परदेशी माणसालासुद्धा. ऑक्टोबर २०२३ पासून साध्या प्रसारणाचे महिन्याला १,१०० येन आहेत. पहिल्या वर्षी मोबाइलवर भागतं. पण तुझ्या केंद्रातल्या हॉलमध्ये टीव्ही असेल तर संध्याकाळी सातच्या जपानी बातम्या आजी-आजोबांसोबत बसून बघ. त्याआधी दुपारी त्याच बातम्या न्यूजलाइनवर ऐकलेल्या असल्या की अर्थ आधीच ठाऊक असतो आणि जपानी शब्द आपोआप पकडता येतात. पुढे स्वतःचा टीव्ही घेतलास तर रिमोटवर आवाज बदलायचं बटण असतं. ते दाबलं की सातच्या त्याच बातम्या इंग्रजीतही ऐकू येतात.