तोटा भांडवलाचा, पण हिशेब कोणाकडे?

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी मी एका परिचितांच्या कापडव्यवसायात ५ लाख रुपये घातले. व्याज नको म्हणून मुदारबा ठरला : भांडवल माझे, मेहनत त्यांची, नफा निम्मा-निम्मा. आता ते म्हणतात की तोटा झाला असून शरियतप्रमाणे तो भांडवल देणाऱ्यानेच सोसायचा असतो. हिशेब मात्र दाखवत नाहीत. त्यांचे म्हणणे बरोबर आहे का?

उत्तर : त्यांनी सांगितलेला नियम खरा आहे, पण तो अर्धाच सांगितला आहे. मुदारब्यात तोटा भांडवलातून वजा होतो आणि व्यवसाय करणाऱ्याचे श्रम वाया जातात. तथापि तुमची रक्कम त्यांच्या हाती अमानत, म्हणजे विश्वासाने सोपवलेली ठेव, असते. त्यामुळे त्यांनी हलगर्जी केली, अटी मोडल्या किंवा तुमच्या परवानगीवाचून पैसे दुसरीकडे वळवले, तर ते नुकसान त्यांनीच भरून द्यावे, असे फिक्हचे, म्हणजे इस्लामी कायदेशास्त्राचे, शास्त्री मानतात. तोटा बाजारामुळे झाला की हलगर्जीमुळे, हे वह्या उघडल्याशिवाय कळणार तरी कसे?

सहीह मुस्लिम या संग्रहातील एक हदीस, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतीची नोंद, मला येथे फार महत्त्वाची वाटते. पैगंबरांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा आतले धान्य ओले लागले. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितल्यावर त्यांनी विचारले, की मग लोकांना दिसेल असे ते वर का ठेवले नाहीस? पावसाचा दोष त्यांनी त्याच्यावर ठेवला नाही; ओले धान्य झाकण्याला मात्र फसवणूक म्हटले. तुमच्या परिचितांना झालेला तोटा कदाचित असाच पावसासारखा असेल, पण तो झाकून ठेवण्याचा अधिकार त्यांना नाही. कुरआनच्या दुसऱ्या सूरेतील २८२ वी आयत तर उधारीची रक्कम लहान असो वा मोठी, ती लिहून ठेवण्याचा कंटाळा करू नका, असे बजावते.

मोठ्या संस्थांकडून हीच अपेक्षा कायद्याने केली जाते. मलेशियाच्या २०१३ च्या इस्लामी वित्तसेवा कायद्यात शरियतच्या पालनात कसूर करणाऱ्यास ८ वर्षांपर्यंत कैद किंवा अडीच कोटी रिंगिटपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

तुम्ही आधी करारनामा पाहा. त्यात दरमहा ठरावीक रक्कम देण्याची हमी असेल, तर तो मुदारबा उरतच नाही. त्यानंतर खरेदीची बिले, मालाची नोंदवही आणि बँकेचे उतारे लेखी पत्राने मागा व दोघांना मान्य असलेल्या सनदी लेखापालाकडून ते तपासून घ्या. त्यांनी नकार दिला, तर ते पत्र आणि करारनामा घेऊन वकिलांकडे जावे.